पाच मिनिटांच्या शर्यतीचे चार शॉक

मी काय काम करत होते ते सांगितलं की मराठी मंडळातल्या बायका आधी हसतात. मग विचारतात, "म्हणजे खेळण्यातल्या गाड्यांचं?" मी हो म्हणते. वाद घालण्यात अर्थ नसतो. त्यांच्यातली एखादी नवऱ्याला हाक मारते, "अहो, ऐकलंत का, या रिमोटच्या गाड्यांचे शॉक ॲब्सॉर्बर बनवायच्या!" आणि इतका वेळ समोशांच्या ताटापाशी उभा असलेला तो नवरा जो माझ्याशेजारी येऊन बसतो, तो हॉल रिकामा करायची वेळ झाली तरी उठत नाही. पुरुषांना या कामातलं फार कळतं. निदान त्यांना तसं वाटतं.

तर आधी गाडीचं सांगते. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, हातात उचलली तर दीड किलोच्या आसपास. आमच्या रस्त्यावर ज्या वेगाला पोलीस दंड करतात त्या वेगानं ती ओबडधोबड गवतातून धावते, लाकडी चढणीवरून उडते, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवरून खाली येते. चालवणारे एका उंच मंचावर ओळीनं उभे असतात, हातात रेडिओचा कंट्रोल. शर्यत पाच मिनिटांची. पाच मिनिटांत ज्याच्या फेऱ्या जास्त, तो पुढे. उडी मारून खाली आलेल्या गाडीनं जमिनीला चिकटून बसायचं असतं, चेंडूसारखं पुन्हा उसळायचं नसतं. तिला चिकटवून ठेवायचं काम चार चाकांच्या चार शॉकचं, आणि ते शॉक बांधायचं काम माझं.

शॉक म्हणजे माझ्या करंगळीएवढी ॲल्युमिनियमची नळी. आत सिलिकॉनचं तेल, पाण्यासारखं नितळ. तेलात शर्टाच्या बटणाएवढी प्लास्टिकची चकती आणि तिला दोन बारीक भोकं. चकतीला जोडलेली पोलादी दांडी नळीच्या तळातून बाहेर येते. बाहेरून स्प्रिंग. लोकांना वाटतं, स्प्रिंग म्हणजेच शॉक. स्प्रिंग बिचारी फक्त उचलते. चाक आदळलं की दांडी आत जाते, चकती तेलात सरकते आणि वाटेतल्या सगळ्या तेलाला त्या दोन भोकांतून रांग लावून जावं लागतं. त्या रांगेत आदळण्याचा जोर संपून जातो. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी थक्क झाले होते, आणि खरं सांगायचं तर अजून होते. एवढ्याशा तेलानं केवढा धक्का गिळावा!

दांडी जिथून बाहेर येते तिथे दोन रबरी कड्या असतात, तेल गळू नये म्हणून. कड्या घट्ट बसल्या तर दांडी अडते, सैल बसल्या तर तेल गळतं. या दोन्हींच्या मधे एक जागा असते. ती साधली की तेल भरण्याआधी नळी उभी धरली तर दांडी स्वतःच्या वजनानं हळूच, कुठेही न थांबता खाली उतरते. ती जागा मला पहिल्यांदा सापडली त्या संध्याकाळी मी घरी येईपर्यंत कुणाशी बोलले नाही. बोलले असते तर ते निसटून गेलं असतं असं वाटत होतं.

या कामात मी आले ती काचेवरची पाटी वाचून. लग्नाआधी मी पुण्यात प्रेशर गेज बनवणाऱ्या कारखान्यात असेंब्लीला होते. लग्न करून लंडनमधल्या ईलिंगला आल्यावर शाळेच्या स्वयंपाकघरात मटार उकडले, ड्रायक्लीनरकडे कोटांना नंबर लावले. मग एक दिवस मॉडेल शॉपच्या काचेवर कागद दिसला: पेशन्स असलेली व्यक्ती पाहिजे. तेवढं इंग्रजी मला येत होतं, आणि तेवढा पेशन्सही होता. आमच्या ह्यांच्याबरोबर तोवर वीस वर्षं काढली होती. दुकानाचा मालक रॉन साठीचा, विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, बोलायला कंजूष. त्यानं माझ्या हातात एक शॉक दिला आणि म्हणाला, "कानाशी धर. दाब."

मी दाबला. आत बारीकसं 'फुस' झालं.

"हवा," रॉन म्हणाला. "एक बुडबुडा. हा काढता आला तर सोमवारपासून ये."

बुडबुडा काढायची युक्ती म्हणजे घाई न करणं. नळीत तेल भरायचं, दांडी हळू वर, हळू खाली, आणि मग नळी फळीत उभी करून गप्प बसायचं. बुडबुडे आपापल्या सवडीनं वर येतात. मी तेवढ्यात चहा ठेवायचे. रॉनचा एक जुना गिऱ्हाईक चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. तो चारही शॉक एकेक करून कानाशी धरायचा आणि डोळे मिटून सांगायचा, "तिसऱ्यात राहिलाय." उघडून बघावं तर टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा निघायचा. दातांचे एक निवृत्त डॉक्टर होते. त्यांची तक्रार की गाडी सारखी डावीकडे ओढते. तीन वेळा मी सगळं खोललं. शेवटी कळलं, गृहस्थ गाडी रेडिएटरला टेकून ठेवायचे आणि एका बाजूचं तेल पातळ व्हायचं. तेलाला ऊन-थंडी कळते. हे मला पाठ होतं आणि दुसऱ्यांना मी ते मोठ्या तोऱ्यात सांगायचे, म्हणून पुढचं सांगताना अजून कान गरम होतात.

माझी एक खोड सांगायला हवी. रबरी कड्यांना जरासं पांढरं ग्रीस लावतात. ते ट्यूबमधून येतं, पण ट्यूब दाबली की नको तेवढं बाहेर पडतं. म्हणून मी ते कोल्ड क्रीमच्या रिकाम्या डबीत काढून ठेवायचे आणि करंगळीच्या टोकानं घ्यायचे. रॉन हसायचा. आपल्याकडे रिकामी डबी टाकून देणं कुणाला जमलंय?

नेहा दुकानात आली ते साल दोन हजार पाच असावं. कार्डिफची, तिथेच जन्मलेली, हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची नर्स. काउंटरवर उभी राहून वेल्श वळणाच्या इंग्रजीत रॉनशी बोलत होती आणि मी मागे कड्या मोजत होते, "एक, दोन, तीन..." ती थबकली. मागच्या खोलीत डोकं घालून म्हणाली, "तुम्ही मराठीत काउंट करता?"

"मग कशात करू?"

"माझे बाबा पण असंच करतात. ओन्ली व्हेन दे आर सीरियस."

त्या दिवसापासून तिचे शॉक मीच बांधायचे. ती मावशी म्हणायला लागली. पोरगी चालवायची कशी, ते सांगायला माझ्याकडे शब्द कमी आहेत. बाकीचे गाडीला वळवतात. ही वळण यायच्या आधीच गाडीला तिथे नेऊन ठेवायची. तिचा चेहरा अशा वेळी अगदी रिकामा दिसायचा. मी रॉनच्या व्हॅनबरोबर बऱ्याच शर्यतींना जायचे आणि दर वेळी तिच्याकडे बघून अंगावर शहारा यायचा.

दोन वर्षांनंतरच्या ऑक्टोबरात मोसमाची शेवटची मोठी शर्यत लंडनच्या उत्तरेला एका मैदानावर होती. युरोपातल्या स्पर्धेसाठी ब्रिटनची टीम निवडायची होती आणि मोसमभराच्या गुणांवरून नेहाचं गणित सरळ होतं: या शर्यतीत पहिल्या दहांत आली, म्हणजे ए फायनलमध्ये पोचली, की टीममध्ये जागा पक्की. नाही पोचली तर नाही. आणि पुढची संधी नव्हती. नव्या वर्षापासून तिला हॉस्पिटलात वरची जागा मिळणार होती, आणि तिच्याबरोबर प्रत्येक वीकेंडची ड्यूटी.

शनिवारी दुपारी ती ट्रेननं आमच्याकडे आली. रॉन दुकान बंद करून मैदानावर स्टॉल लावायला गेला होता, म्हणून मी ग्रीसची डबी आणि हत्यारं घरी आणली होती. स्वयंपाकघराच्या टेबलावर काम काढणार, एवढ्यात तिच्या केसांकडे लक्ष गेलं. नुसता झाडू झाला होता.

"अगं, काय हे! तेल लावतेस की नाही कधी?"

"मावशी, टाइम कुठे आहे? आई होती तेव्हा ती लावायची."

मग काय, बसवली तिला खुर्चीत. खोबरेल तेल इथे वर्षातले अकरा महिने थिजलेलं असतं, बाटलीच्या तोंडातून येतच नाही, म्हणून इथल्या प्रत्येक मराठी घरात ते रुंद तोंडाच्या डबीत असतं. आमच्याकडेही होतं. चांगलं अर्धा तास तिचं डोकं चोळलं. तिचे डोळे मिटायला लागले. मग साबणानं हात धुतले, आतल्या खोलीत तिला पडायला पाठवलं आणि शॉक बांधायला बसले.

ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले शॉक होते. हीटिंग चालू होतं, हात गरम होते, आणि दांडी अशी उतरत होती की मी दोन वेळा चष्मा पुसून पाहिलं. आमच्या ह्यांना बोलावून दाखवलं. हे म्हणाले, "छान आहे. चहा होणार आहे का?" तेल भरलं, हवा काढली, डाव्या-उजव्याची जोडी समोरासमोर धरून दाबली. दोन्ही दांड्या एकदम आत, एकदम बाहेर. मला माझाच अभिमान वाटला, तो लपवायचा कशाला?

रविवारी सकाळी नेहा, मी आणि हे मैदानावर पोचलो तेव्हा हिमकणांनी गवत पांढरं झालं होतं. पात्रता फेऱ्या चार, प्रत्येकीत गटागटानं शर्यत, आणि ज्याच्या त्याच्या चांगल्या दोन फेऱ्या मोजायच्या. पहिल्या फेरीत नेहाची गाडी पहिल्याच चढणीवरून उडाली, खाली आली आणि चेंडूसारखी उसळून उलटी पडली. मला वाटलं, नशीब. दुसऱ्या उडीला पुन्हा तेच. पाच मिनिटं संपली तेव्हा ती शेवटून दुसरी होती.

मंचावरून उतरून तिनं गाडी माझ्या हातात दिली. "मावशी, काहीतरी राँग आहे. ती जमिनीवर बसतच नाही." आणि ती धावत गेली, कारण जायलाच लागतं. या खेळाचा एक नियम आहे: तुमची शर्यत संपली की पुढच्या शर्यतीत तुम्ही मार्शल. नेमून दिलेल्या वळणावर उभं राहायचं आणि जी गाडी उलटेल ती पळत जाऊन सुलटी करायची, मग ती कुणाचीही असो. हे केलं नाही तर तुमची फेरी बाद.

मी शॉक तळहातावर घेऊन दाबले. लोण्यासारखे. रॉन आला, त्यानं दाबले. "यात काही नाही. तेल थंडीनं घट्ट झालं असणार." मलाही ते पटलं. खोलायला वेळ नव्हता, म्हणून मी नुसत्या हलक्या स्प्रिंग चढवल्या. दुसरी फेरी पहिलीपेक्षा वाईट गेली. तीन वेळा उलटली. नेहा उतरली आणि गाडी माझ्यापुढे ठेवून मार्शलिंगला गेली. दोन फेऱ्या गेल्या. आता उरलेल्या दोन्ही मोजल्या जाणार होत्या आणि दोन्ही चांगल्या जायला हव्या होत्या.

माझी बोटं बधिर झाली होती, म्हणून मी हातमोजे घातले आणि एक शॉक काढून तसाच दाबला. दांडी अडली. दाबली तर गचकन आत गेली आणि अर्ध्यावर थांबली. मी हातमोजा काढला, शॉक मुठीत धरून शंभर आकडे मोजले आणि पुन्हा दाबला. लोण्यासारखा. थंडीत दगड आणि मुठीत पाणी होणारी एकच वस्तू मला ठाऊक होती, आणि ती माझ्या वेणीत होती.

टोपण उघडलं. नितळ तेलात पांढरे कण तरंगत होते, चकतीच्या भोकांशी दाटीनं बसले होते. कड्यांवर पांढरा थर. नाकाशी नेलं. ज्या वासात मी जन्मभर वावरले तो आदल्या दिवशी, अख्ख्या घराला तोच वास असताना, मला आलाच नव्हता. एकसारख्या दोन डब्या, दोन्हींत पांढरं काहीतरी, आणि करंगळीच्या टोकानं घ्यायची माझी सवय.

रॉन विचारत होता, "काय निघालं?" खरं लिहिते: क्षणभर वाटलं, ग्रीस खराब निघालं म्हणावं. कुणाला कळणार होतं? तेवढ्यात नेहा परत आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नेहा, चूक माझी आहे. ग्रीस म्हणून मी तुझ्या शॉकला खोबरेल लावलं."

तिनं शॉककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "ओके. किती मिनिट लागेल?"

"नेहा, मला माफ..."

"मावशी, थिएटरमध्ये मिस्टेक झाला की पहिलं मोठ्यानं सांगायचा. तुम्ही सांगितलं. सॉरी-बिरी नंतर. किती मिनिट?"

"चाळीस."

"आपल्याकडे थर्टी-फाइव्ह आहे."

तिनं टेबलावर टॉवेल पसरला आणि चारही शॉकचे भाग ओळीनं मांडले, ऑपरेशनला हत्यारं मांडतात तसे. मी हात पुढे केला की हवी ती वस्तू हातात यायची. मागावी लागत नव्हती. बेकन रोल विकणाऱ्या बाईकडून ह्यांनी कपभर उकळतं पाणी आणि भांड्यांचा साबण आणला. नळ्या, दांड्या, चकत्या धुतल्या, पुसल्या, पुन्हा धुतल्या. कड्या नव्या. माझ्या डबीवर आता माझाच विश्वास नव्हता, म्हणून ग्रीस नाहीच, कड्यांना शॉकचंच तेल लावलं. तेलाची बाटली मी इतका वेळ कोटाच्या आत काखेत धरली होती. तरी थंडीत बुडबुडे वर येईनात. मग भरलेल्या नळ्या दुसऱ्या कपातल्या गरम पाण्यात गळ्यापर्यंत उभ्या केल्या आणि तो कप धरून हे स्वतःला बजावल्यासारखे म्हणत राहिले, "हलायचं नाही, हलायचं नाही." छत्तीस वर्षांच्या संसारात मी त्यांना इतकं स्थिर कधी पाहिलं नाही.

नेहाच्या शर्यतीचा पुकारा झाला तेव्हा मी शेवटचा शॉक गाडीला लावत होते.

ती तिसरी फेरी मी विसरणार नाही. गाडी पहिल्या चढणीवरून उडाली आणि खाली आली, बस. आवाज नाही, उसळणं नाही. हवेत होती आणि मग जमिनीवर होती. खड्ड्यांच्या पट्ट्यावर चाकं शिवणयंत्राच्या सुईसारखी वरखाली होत होती आणि वरची काया जागची हलत नव्हती. माझ्या कामाचं हे रूप मी असंख्य वेळा पाहिलं होतं. पण त्या दिवशी मी पहिल्यांदाच बघत असल्यासारखी कडेला वाकून पाहत होते. दोन चमचे तेल आणि एका मुलीचे दोन अंगठे, आणि एवढं सगळं कुठून येतं? शेजारी उभा असलेला रॉन हळूच म्हणाला, "ब्लडी हेल." त्याच्याकडून हे फार झालं.

चौथी फेरीही चांगली गेली. फलकावर नेहाचं नाव दहावं लागलं. आता चौथ्या फेरीतल्या शेवटच्या गटाची शर्यत उरली होती, आणि तिला मागे टाकून टीमची तीच जागा घेऊ शकेल असा त्यात एकच जण होता: शफीक. इल्फर्डचा, टॅक्सी चालवायचा, दुकानात आला की "आंटी, हाउ आर द नीज?" म्हणून माझ्या गुडघ्यांची चौकशी करायचा. त्याचे शॉकही माझेच. दुकानात बांधलेले, खऱ्या ग्रीसचे.

आणि त्या शर्यतीला मार्शल होती नेहा. तिला नेमून दिलेली जागा म्हणजे सगळ्यात लांब उडीनंतरचं वळण, माझ्यापासून दहा पावलांवर.

शफीक जोरात होता. प्रत्येक फेरीला ध्वनिक्षेपकावरून त्याचा वेळ सांगत होते आणि मी मनातल्या मनात नेहाच्या वेळेतून तो वजा करत होते. शेवटच्या मिनिटाला तो अगदी बरोबरीवर आला होता. मग त्या लांब उडीवर त्याच्या गाडीचं पुढचं चाक कडेला लागलं आणि गाडी हवेतच फिरून नेहाच्या वळणावर पालथी पडली.

त्या क्षणी माझ्या मनात आलं: थांब. एकच शब्द. ओल्या गवतात तिचा पाय जरासा घसरला असता, वाकायला तिला जरासा उशीर झाला असता तर जगात कुणालाही काही कळलं नसतं. थांब, नेहा.

तिला ते ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता. गाडी पडायच्या आधीच ती निघाली होती. वळण यायच्या आधी गाडी नेऊन ठेवायची ना, तशीच ती स्वतः तिथे पोचली होती. एका हातानं गाडी सुलटी केली, तोंड बरोबर दिशेला, आणि मागे सरकली. चेहरा तोच, रिकामा. मी कितीतरी मार्शल पाहिले. इतक्या चटकन गाडी उचललेली मी आधी पाहिली नाही आणि नंतरही नाही.

शफीक दहावा आला. फरक एका सेकंदाहून कमी. नेहा अकरावी.

शफीक मंचावरून उतरला तो थेट तिच्याकडे आला. त्याला सगळं ठाऊक होतं, टीमचंसुद्धा. "यू डिडन्ट हॅव टु बी दॅट क्विक," तो म्हणाला. ती म्हणाली, "कोर्स आय डिड." आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, बी फायनल ट्वेंटी मिनिट्समध्ये आहे. मागचा स्प्रिंग एक स्टेप सॉफ्ट करू या का?"

मी स्प्रिंग बदलली. मान वर केली नाही.

अकरावी म्हणजे त्यापुढच्या दहा जणांच्या बी फायनलमध्ये सगळ्यात पुढून सुरुवात. तिथे जिंकून काहीच मिळत नाही. लोक तोवर सामान आवरायला लागलेले असतात. दुसऱ्या मिनिटाला आवराआवर थांबली. तिसऱ्या मिनिटाला माणसं कडेला येऊन उभी राहिली. गाडी दिसत होती, पण ती जमिनीवरून जाते आहे असं वाटत नव्हतं. वारा गवतावरून जातो तशी ती जात होती. पाच मिनिटं संपल्यावर ध्वनिक्षेपकावरच्या माणसानं आकडे एकदा वाचले, थांबला, आणि पुन्हा वाचले. दिवसभरातली सगळ्यात जलद पाच मिनिटं. तासाभरानं झालेल्या ए फायनलमध्येही कुणाला ती गाठता आली नाहीत.

टीममध्ये शफीक गेला. जानेवारीत नेहाची नवी ड्यूटी सुरू झाली आणि गाडी तिच्या कपाटावर गेली. पुढे चार वर्षांनी रॉननं दुकान विकलं आणि मीही थांबले. त्या पहिल्या दोन फेऱ्यांत शॉक धड असते तर ती तिसरी-चौथी आली असती. शफीकच्या गाडीचा प्रश्न उद्भवलाच नसता. हे मला रॉननं सांगितलं नाही, नेहानं तर नाहीच नाही. मला गणित येतं.

नेहा आता थिएटरची प्रमुख आहे. वर्षातून दोनदा तरी येते, केसांना तेल लावून घेते. त्या चुकीवर आम्ही दोघी पोट धरून हसतो. ती चूक मी तेव्हाच सांगून टाकली होती. पण दहा पावलांवर उभी राहून मी मनात जे म्हटलं ते तिला माहीत नाही. मावशी म्हणवणाऱ्या बाईनं तिला त्या क्षणी किती लहान व्हायला सांगितलं होतं, ते मी तिला कधी सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. ते आज पहिल्यांदा लिहिते आहे.

परवा तिचा फोन आला होता. म्हणाली, "मावशी, तुम्ही माझ्यावर आर्टिकल लिहिते आहे, असं काका म्हणाले. मला वाचून दाखवा हं. मला मराठी बोलायला येतो, वाचायला नाही येत."

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी ती येणार आहे. मी वाचून दाखवणार आहे. सगळं.